टू-फेज कमिट आणि सागा: रोलबॅक वेगळा, भरपाई वेगळी

एखाद्या दुकानाच्या ऑर्डरी पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसमध्ये आणि मालाचा साठा मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये असेल, तर दोन्हीकडच्या नोंदी एकत्र व्हाव्यात किंवा एकत्र रद्द व्हाव्यात यासाठी टू-फेज कमिट आणि सागा ही दोन तंत्रे सुचवली जातात. काही बिघडल्यास मागे फिरण्याची सोय दोन्हींत असल्यामुळे सागामधला भरपाईचा व्यवहार म्हणजे रोलबॅकच (कायम न झालेले बदल रद्द करणे), असा समज सहज होतो. (व्यवहार म्हणजे डेटाबेसमधल्या बदलांचा असा संच, जो पूर्ण तरी होतो किंवा अजिबात होत नाही.) पण या दोहोंत मूलभूत फरक आहे.

जिम ग्रे यांनी 1978 मध्ये वर्णन केलेल्या टू-फेज कमिटमध्ये एक समन्वयक प्रत्येक डेटाबेसला आधी कमिटची, म्हणजे बदल कायम करण्याची, तयारी आहे का, असे विचारतो. होकार देणारा डेटाबेस आपले बदल डिस्कवर सुरक्षित लिहून ठेवतो, त्या नोंदी इतरांना बदलू न देणारे लॉक धरून ठेवतो आणि स्वतःहून माघार घेण्याचा हक्क सोडून देतो. सर्वांचे होकार आले की समन्वयक आपला निर्णय लॉगमध्ये नोंदवून कमिटचा आदेश देतो. एकाचाही नकार आला तर सगळीकडे रोलबॅक होतो. बदल मुळात कमिट झालेलेच नसल्यामुळे रोलबॅकनंतर त्यांचा मागमूस इतर व्यवहारांना लागत नाही. (कमिटचा आदेश मात्र दोन्ही डेटाबेसना एकाच क्षणी पोचत नाही, त्यामुळे नेमक्या त्या वेळी दोन्हीकडून वाचणाऱ्याला क्षणभर अर्धवट चित्र दिसू शकते.)

खरा धोका होकार आणि आदेश यांच्या मधल्या काळात असतो. तेवढ्यात समन्वयक बंद पडला, तर होकार दिलेला डेटाबेस ना पुढे जाऊ शकतो ना मागे, आणि त्याच्या लॉकमागे इतर व्यवहार खोळंबतात. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये असा तयार अवस्थेतला व्यवहार सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावरही टिकून राहतो आणि व्हॅक्यूमच्या, म्हणजे निरुपयोगी झालेल्या जुन्या नोंदींच्या, सफाईतही अडथळा आणतो. म्हणूनच तिथे अशा व्यवहारांची कमाल मर्यादा मुळात 0 ठेवलेली असते. ती जाणीवपूर्वक वाढवावी लागते. ही खबरदारी मला रास्त वाटते.

सागाची कल्पना हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम यांनी 1987 मध्ये मांडली, तीही दीर्घकाळ चालणाऱ्या व्यवहारांनी लॉक अडवून ठेवू नयेत यासाठी. इथे प्रत्येक टप्पा आपापल्या डेटाबेसमध्ये लगेच कमिट होतो आणि पुढचा टप्पा फसला, तर आधीच्या टप्प्यांची भरपाई करणारे व्यवहार उलट्या क्रमाने चालवले जातात. जमाखर्चाच्या वहीत चुकीची रक्कम न खोडता उलट नोंद करतात, तसाच हा प्रकार आहे: शिल्लक जुळते, पण मूळ नोंद झाली होती हे पुसले जात नाही.

परिणामी मधली अवस्था सर्वांना दिसते. शेवटचा एक नग साठ्यातून वजा झाला, मग पैसे भरणे फसले आणि नग परत जमा केला, तर दरम्यान ‘माल संपला’ हे वाचून गेलेला ग्राहक परत येत नाही. पाठवलेला ईमेलही मागे घेता येत नाही. म्हणून असे टप्पे शक्यतो शेवटी ठेवावेत आणि तोवर ऑर्डर ‘प्रलंबित’ दाखवावी. शिवाय भरपाईचा व्यवहार स्वतःच अपयशी ठरू शकतो. तो यशस्वी होईपर्यंत पुन्हा पुन्हा चालवावा लागतो, आणि दोनदा चालला तरी परिणाम एकदाच होईल, असाच तो लिहावा लागतो. अन्यथा ग्राहकाला दोनदा परतावा जातो.

दोन्ही डेटाबेस आपल्याच ताब्यात असतील, दोन्हींना ही यंत्रणा येत असेल आणि व्यवहार क्षणात आटोपणारा असेल, तर टू-फेज कमिटला केवळ जुने म्हणून नाकारण्याचे कारण नाही. गुगलच्या स्पॅनर या अनेक यंत्रांवर पसरलेल्या डेटाबेसमध्येही तेच वापरले आहे; फक्त तिथला प्रत्येक सहभागी हा पॅक्सॉस या यंत्रांमध्ये एकमत घडवणाऱ्या पद्धतीने जोडलेल्या अनेक प्रतींचा गट असल्याने एखादे यंत्र बंद पडले तरी निर्णय अडत नाही. याउलट, पैसे स्वीकारणारी बाहेरची सेवा ‘तयार राहा’ ही विनंती सहसा स्वीकारतच नाही. तिथे सागाच उरते.

सागा निवडल्यावरही दोन गोष्टी एकत्र नोंदवण्याची गरज टळत नाही, कारण डेटाबेसमधला बदल आणि पुढच्या टप्प्याला जाणारा संदेश हे दोन्ही एकत्रच व्हायला हवेत. त्यासाठी संदेश त्याच डेटाबेसमधल्या आउटबॉक्स टेबलमध्ये, म्हणजे पाठवायच्या संदेशांच्या तक्त्यात, त्याच स्थानिक व्यवहारात लिहितात, आणि तिथून तो पुढे पाठवण्याचे काम वेगळी प्रक्रिया करते.