पायाला येणारे पाण्याचे फोड

कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी निघणारे, आषाढी वारीत आळंदीपासून अडीचशे किमी चालत पंढरपूर गाठणारे, नाहीतर नवी कोरी चप्पल घालून दिवसभर लग्नात उभे राहणारे, फोड कुणालाच सोडत नाही. चप्पल चावली म्हणतो ते हेच.

फोड नुसत्या घासण्याने येत नाही. पाऊल टाकलं की आतलं हाड पुढे सरकतं आणि वरची कातडी मोज्याला नाहीतर चपलेच्या पट्ट्याला धरून मागेच राहते, असं हजारो पावलं झालं की कातडीचे आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि त्या फटीत पाणी भरतं. घामाने, पावसाने कातडी ओली राहिली की हे अजून लवकर होतं, म्हणून भिजलेले मोजे तसेच घालून चालू नका, सोबत कोरडा जोड ठेवा. टाचेला चुरचुरायला लागलं की तिथेच थांबून त्या जागी पट्टी लावायची, पुढच्या मुक्कामाला बघू म्हटलं की फोड आलाच. एप्रिल-मेच्या उन्हात डांबरावर अनवाणी चालून पाय पोळून येतो तो फोड भाजल्याचा, त्यावर आधी २० मिनिटं साधं गार वाहतं पाणी, बर्फ नको आणि टूथपेस्ट तर अजिबात नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं, फोडावरची कातडी काढायची नाही! खालची नवी कातडी तयार होईपर्यंत तीच झाकण असते, ती ओढून काढली की खालचं लालभडक कच्चं मांस उघडं पडतं, आग होते आणि जंतू शिरतात. छोटा फोड असेल तर साबणाने धुवून वर सैल पट्टी, बस्स, काही दिवसांत आतलं पाणी आपोआप जिरतं. मोठा ठणकणारा असेल, पाऊलच टेकवत नसेल, तर हात धुवून निर्जंतुक सुईने कडेला बारीक भोक पाडून पाणी हळूच दाबून काढा, कातडी तशीच बसवा, व्हॅसलीन लावून पट्टी बांधा. काहीजण सुईदोरा ओवून दोरा आतच ठेवतात, तसं करू नका, दोऱ्यावाटे घाण आत जाते.

शुगर असणाऱ्यांनी मात्र घरी सुई लावायचीच नाही, त्यांच्या पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, फोड फुटून जखम झाली तरी कळत नाही, म्हणून रोज रात्री तळवे बघायचे, स्वतःला वाकता येत नसेल तर घरातल्या कुणाला तरी दाखवायचे आणि फोड दिसला की डॉक्टर. बाकीच्यांनीही लाली पसरत चालली, पू आला, ताप भरला किंवा पायावर लाल रेघ वर चढताना दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.