गाडीचं रिकॉल: चासी नंबर तपासण्यापासून सरकारकडे तक्रार करेपर्यंत

अमुक मॉडेलच्या इतक्या हजार गाड्या कंपनीने परत बोलावल्या, अशी बातमी आली की सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर त्या मॉडेलचे मालक जमू लागतात. "तुमची गाडी यादीत नाही" हे उत्तर घेऊन बरेच जण परततात. काहींची गाडी खरोखरच यादीत नसते. काहींची असते आणि तरी परत पाठवलं जातं, कारण त्यांनी फक्त नोंदणी क्रमांक सांगितलेला असतो आणि कंपनीच्या संगणकात तो जुना असतो किंवा भरलेलाच नसतो.

रिकॉल ठरतं चासी नंबरवर, म्हणजे प्रत्येक गाडीला कारखान्यातच मिळणाऱ्या स्वतंत्र ओळख क्रमांकावर. मालक कोण, वॉरंटी उरली का, सर्व्हिसिंग कुठे केलं, याचा त्याच्याशी संबंध नाही. हा नंबर 17 अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात. म्हणजे गोल दिसतं ते शून्य आणि उभी रेघ दिसते तो एक. कंपनीच्या साइटवर नंबर टाकूनही "माहिती उपलब्ध नाही" येतं, त्यामागे बहुतेक वेळा हीच चूक असते. नंबर आरसीवरून (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरून) घ्या. परिवहन खात्याच्या साइटवर गाडी क्रमांक टाकून माहिती काढली तर चासी नंबरचे काही अंक फुल्या मारून येतात, ते उपयोगाचे नाहीत. आरसी पुसट झाली असेल तर नंबर गाडीच्या पत्र्यावरही कोरलेला असतो. कुठे इंजिनामागच्या भिंतीवर, कुठे पुढच्या सीटखाली. नेमकी जागा गाडीसोबतच्या पुस्तिकेत दिलेली असते.

दुसरी चूक तारखेची. रिकॉलच्या निवेदनात असते ती निर्मितीची तारीख, पासिंगची नव्हे. मारुती सुझुकीने नोव्हेंबर 2025 मध्ये 39,506 ग्रँड व्हिटारा परत बोलावल्या, त्या 9 डिसेंबर 2024 ते 29 एप्रिल 2025 या काळात बनलेल्या होत्या. जूनमध्ये पासिंग झालेली गाडी यात येऊ शकते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बनून जानेवारीत पासिंग झालेली येत नाही. निर्मितीचा महिना आणि वर्ष आरसीवर छापलेलं असतं, ते पाहा.

बॉनेटवरचा बिल्लाही फसवतो. एकाच कारखान्यातून निघालेली गाडी दोन कंपन्यांच्या नावाने विकली जाते. जानेवारी 2023 मध्ये एअरबॅगच्या कंट्रोलरसाठी मारुतीने 17,362 गाड्या बोलावल्या. टोयोटाने त्याच कारणासाठी, त्याच निर्मिती-तारखांच्या 1,390 ग्लान्झा आणि हायरायडर बोलावल्या. बातमी एका कंपनीची असली तरी जोडगाडीच्या मालकाने आपला नंबर तपासावाच.

तपासण्याच्या जागा दोन. एक, कंपनीच्या साइटवरचं रिकॉल किंवा 'सर्व्हिस कॅम्पेन' नावाचं पान. हे दुसरं नाव मुद्दाम सांगतो आहोत, कारण बऱ्याच कंपन्या रिकॉल हा शब्द टाळतात. दोन, वाहन उत्पादकांची संघटना सियाम हिच्या साइटवरची स्वेच्छा रिकॉलची यादी. अमेरिकी सरकारच्या साइटवर इथल्या गाडीचा नंबर टाकून "रिकॉल नाही" असं आलं, तर त्याला काही अर्थ नाही.

कागदपत्रं लागतात फार थोडी: आरसीची प्रत आणि चालू मोबाइल नंबर. सर्व्हिस बुक, खरेदीचं बिल, वॉरंटी कार्ड यांतलं काहीही कुणी मागितलं तर शांतपणे सांगा की हे वॉरंटीचं काम नाही. गाडी इतकी वर्षं बाहेरच्या गॅरेजमध्ये नेली, हेही नकाराचं कारण होत नाही.

खरी अडचण होते सेकंड-हँड गाडीची. कंपनीचं पत्र आणि एसएमएस पहिल्या मालकाकडे जातात, आणि तो ते वाचून सोडून देतो. फॉर्म 29 आणि 30 भरून आरसी नावावर करून घेतली नसेल तर आधी ते करा. पण रिकॉलचं काम त्यासाठी थांबवू नका. गाडी घेऊन जा, चासी नंबर दाखवा आणि आपला मोबाइल नंबर कंपनीच्या नोंदीत टाकून घ्या.

"पार्ट मागेच बदललाय" म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनीही तपासावं. ऑक्टोबर 2024 मध्ये होंडा कार्स इंडियाने फ्युएल पंपासाठी 90,468 गाड्या बोलावल्या. त्याखेरीज आणखी 2,204 गाड्या होत्या, ज्यांना तोच सदोष पंप सुटा भाग म्हणून नंतर बसवला गेला होता.

"दहा-बारा वर्षांत काही झालं नाही, आता काय होणार?" असं म्हणणाऱ्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं: टकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगचा दोष वयाबरोबर वाढतो. तिच्या इन्फ्लेटरमध्ये, म्हणजे पिशवी फुगवणाऱ्या भागात, अमोनियम नायट्रेट वापरलेलं होतं. वर्षानुवर्षं दमट हवा आणि उष्णतेचे फेरे सोसून ते बिघडतं, आणि अपघातात गरजेपेक्षा जोरात पेटून धातूचं कवच फोडतं. जी पिशवी जीव वाचवायची, तिच्यातूनच पत्र्याचे तुकडे चेहऱ्यावर आणि गळ्यावर येतात. कोकण-गोव्याच्या हवेत उन्हापावसात उभी राहिलेली जुनी गाडी म्हणजे या बिघाडाला लागणारं सगळं एकाच जागी. होंडाने जानेवारी 2017 मध्ये यासाठी 2012 सालच्या 41,580 सिटी, जॅझ, सिव्हिक आणि अकॉर्ड बोलावल्या होत्या. अशी गाडी घेतली असेल तर नंबर आजच तपासा.

पार्ट लगेच मिळेलच असं नाही, कारण बदली टप्प्याटप्प्याने होते. अशा वेळी विचारायचा प्रश्न एकच: तोवर गाडी चालवायची का? उत्तर लेखी किंवा मेसेजवर घ्या. मारुतीच्या जानेवारी 2023 च्या एअरबॅग रिकॉलमध्ये पार्ट बदलेपर्यंत गाडी चालवू नये असा सल्ला होता. सप्टेंबर 2021 मध्ये मारुतीने मोटर जनरेटर युनिटसाठी 1,81,754 गाड्या बोलावल्या, तेव्हा साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नका आणि विजेच्या भागांवर थेट पाणी मारू नका असं सांगितलं होतं. ऐन पावसाळ्यात ही सूचना किती जणांपर्यंत पोचली असेल?

वर्कशॉपमध्ये जॉब कार्ड, म्हणजे गाडीवर केलेल्या कामाची नोंद असलेला कागद, नीट वाचा. त्यावर चासी नंबर, रिकॉल किंवा कॅम्पेनचा उल्लेख, बदललेल्या पार्टचं नाव आणि शून्य रकमेचं बिल हे सगळं हवं. नुसतं "जनरल चेक-अप" लिहिलेल्या कार्डावर सही करू नका. ते कार्ड आरसीसोबत जपून ठेवा, काम झाल्याचा तुमच्या हातातला पुरावा तोच. पार्ट आणि मजुरी दोन्ही मोफत असतात. "रिकॉल बुकिंग फी" किंवा ओटीपी मागणारा फोन फसवणुकीचा.

आता सरकारी मार्ग. दोष आहे, पण कंपनी रिकॉल जाहीर करत नाही, तेव्हाचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 110अ नुसार केंद्र सरकार कंपनीला गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकतं. त्याचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू आहेत आणि तक्रार सरकारच्या 'वाहन' पोर्टलच्या रिकॉल विभागात ऑनलाइन करायची. गाडी सात वर्षांपेक्षा जुनी नसावी, ही इथली अट लोक हमखास चुकीची वाचतात. ती निर्मितीपासून मोजायची, आणि ती फक्त या सरकारी प्रक्रियेला आहे. कंपनीने स्वतः जाहीर केलेलं रिकॉल त्याहून जुन्या गाड्यांनाही लागू होऊ शकतं. "सात वर्षं झाली, होणार नाही" असं सर्व्हिस सेंटरने सांगितलं तर ते मान्य करू नका.

तक्रारीत दोष सुरक्षेचा किंवा पर्यावरणाचा हवा. मायलेज कमी, रंग उडाला, एसी गार करत नाही, असल्या तक्रारी इथे वाया जातात. "ब्रेक खराब" एवढ्यावर थांबू नका. किती किलोमीटरवर, कोणत्या वेगात, पेडल कुठवर गेलं, कोणता दिवा लागला, हे लिहा. जॉब कार्डांच्या प्रती हाताशी ठेवा. वर्कशॉपला तोंडी सांगितलेल्या तक्रारीचा कागद कुणाकडेच नसतो, म्हणून प्रत्येक वेळी जॉब कार्डावर ती लिहून घेत जा.

या मार्गाने तुमची एकट्याची गाडी दुरुस्त होत नाही. इथे तक्रारी मोजल्या जातात, आणि किती तक्रारींवर चौकशी सुरू होईल ते त्या मॉडेलच्या वार्षिक विक्रीवर ठरतं. त्यामुळे एकाच दोषाच्या सगळ्या मालकांनी आपापल्या नोंदणी क्रमांकाने स्वतंत्र तक्रार करावी. कंपनीला होणारा दंड 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत असतो, आणि तो मालकाला मिळत नाही. कलमात गाडीची पूर्ण किंमत परत करण्याचाही उल्लेख आहे, तेवढाच वाचून पैशांची वाट पाहू नका. बदली गाडी किंवा दुरुस्ती हेही पर्याय त्याच कलमात आहेत.

स्वतःच्या नुकसानीसाठी ग्राहक हेल्पलाइन 1915, आणि तिथे निभावलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारीचं कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची. कंपनीच्या "पाहतो, कळवतो" या उत्तरांनी ती थांबत नाही, आणि सर्वाधिक माणसं इथेच अडकतात. गाडीसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, 10 लाखांपर्यंत 200 रुपये आणि 20 लाखांपर्यंत 400 रुपये. वकील सक्तीचा नाही. सोबत आरसी, खरेदीचं बिल, सगळी जॉब कार्डं आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार तारखेनुसार लावून द्या. सेकंड-हँड गाडी असेल तर खरेदी-विक्रीचा करार आणि पैसे दिल्याचा बँकेचा पुरावाही जोडा.