गोळी जड की जवान हलका?

लडाखमधलं सीमेवरचं ठाणं साडेचार हजार मीटर उंचीवर असलं, तर समोर झाड नाही, झुडूप नाही, नजर हजार मीटरपर्यंत अडत नाही. इथे लांब पल्ल्याची, दणकट गोळीची रायफल हवी हे कुणीही सांगेल. पण याच उंचीवर दम लागतो. मैदानात जाणवलंही नसतं असं एखादं किलो इथे चढावर नकोसं होतं. म्हणजे ज्या भूगोलाला जड गोळी हवी, तोच भूगोल हलकं ओझंही मागतो. पायदळाला पूर्ण ताकदीची रायफल द्यावी की हलकी, आखूड कार्बाईन, हा वाद जगभर इतकी वर्षं मिटत का नाही, ते इथे लगेच कळतं.

भारतीय लष्कर या वादात दोन्ही बाजूंना जाऊन आलेलं आहे. १९६२च्या युद्धात आपल्या जवानांच्या हाती .३०३ची ली-एन्फिल्ड होती. एक गोळी झाडली की हाताने बोल्ट मागे-पुढे करायचा, मग दुसरी. त्यानंतर आली एसएलआर, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणारी रायफल. काडतूस ७.६२ × ५१ मिलिमीटरचं, म्हणजे नाटोचं पूर्ण ताकदीचं. १९९०च्या दशकात पुण्याच्या एआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेत घडलेली इन्सास आली आणि काडतूस एकदम ५.५६ × ४५वर उतरलं. २०१९मध्ये ७२,४०० सिग ७१६ रायफलींची मागणी नोंदवली गेली, आणि आपण पुन्हा ७.६२ × ५१वर पोचलो. दरम्यान अमेठीजवळ कोरवा इथे सहा लाखांहून जास्त एके-२०३ बनवण्याचा करार झाला. तिचं काडतूस तिसरंच, ७.६२ × ३९.

या आकड्यांत पहिला नळीच्या व्यासाचा आणि दुसरा काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या लांबीचा. दुसऱ्याकडे सहसा कुणी बघत नाही. सिग आणि एके दोन्ही ‘७.६२’च, पण नळकांडं ५१ मिलिमीटरचं असलं की त्यात दारू जवळजवळ दुप्पट मावते. सिगची साधारण साडेनऊ ग्रॅमची गोळी सेकंदाला ८०० मीटरच्या वर वेगाने सुटते आणि तीन हजार ज्यूलहून जास्त ऊर्जा घेऊन निघते. एकेची आठ ग्रॅमची गोळी ७१५ मीटरच्या वेगाने, सुमारे दोन हजार ज्यूल. इन्सासची गोळी जेमतेम चार ग्रॅमची, पण वेग ९०० मीटरच्या वर, म्हणून ऊर्जा सतराशे ज्यूलच्या आसपास. रायफल निवडणं म्हणजे खरं तर काडतूस निवडणं. बाकीचं लोखंड त्या काडतुसाभोवती रचलेलं असतं.

मग सगळ्यांना तीन हजार ज्यूलचंच काडतूस का देऊ नये? पहिली अडचण खांद्याला कळते. शाळेत संवेग अक्षय्यतेचा नियम शिकवताना बंदूक आणि गोळीचं गणित घालतात, तेच हे. गोळी आणि तिच्यामागून सुटणारा वायू पुढे जितका संवेग नेतात, तितकाच बंदुकीला मागे मिळतो. होडीतून धक्क्यावर उडी मारली की होडी मागे सरकते, आणि होडी जितकी लहान तितकी जोरात सरकते. बंदुकीचंही तसंच. संवेग तोच असेल, तर धक्क्याची ऊर्जा बंदुकीच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. ढोबळ हिशेब केला, तर साडेचार किलोच्या आसपासच्या एसएलआरचा धक्का पंधरा ज्यूलचा येतो. चार किलोंहून थोड्या जड इन्सासचा चार-पाच ज्यूल. एकेचा सात-आठ. आता एसएलआरचंच काडतूस तीन किलोच्या सुटसुटीत बंदुकीत घातलं तर? बावीस ज्यूलच्या घरात! ‘ताकद रायफलीची आणि वजन कार्बाईनचं’ ही मागणी दर काही वर्षांनी कुणीतरी करतं, आणि दर वेळी हा हिशेब तिच्या आड येतो.

एकेक गोळी नेम धरून झाडायची असेल तर पंधरा ज्यूलही सोसतात, लाखो जवानांनी सोसलेच आहेत. पण घोडा दाबून ठेवून सलग गोळ्या झाडायच्या म्हटल्या, की दुसऱ्या-तिसऱ्या गोळीला नळी आभाळाकडे जाते. अमेरिकेच्या एम-१४ रायफलीत सलग गोळीबाराची सोय होती. प्रत्यक्षात बहुतेक रायफलींवर ती बंद करून ठेवावी लागली. आपल्या एसएलआरमध्ये ती सोय नव्हतीच, आणि माझ्या मते ते शहाणपणाचंच होतं.

दुसरी अडचण पाठीवर बसते. ७.६२ × ५१चं एक काडतूस साधारण २४ ग्रॅम, तर ५.५६चं साधारण १२. म्हणजे ५.५६च्या दोनशे गोळ्यांच्या वजनात ७.६२च्या शंभरच येतात. गंमत अशी की इन्सास रायफल एसएलआरपेक्षा फारशी हलकी नव्हतीच. वाचलं ते सगळं दारूगोळ्यात. भारतात एक तर्क सर्रास ऐकू येतो: ५.५६ची गोळी मुद्दाम जखमी करण्यासाठी केली, म्हणजे एका जखमीला उचलायला शत्रूचे दोन माणूस गुंततात. ऐकायला चतुर आहे. पण हे काडतूस जन्माला आलं ते वजनाच्या आणि नेमाच्या हिशेबातून.

तो हिशेब मांडला गेला दुसऱ्या महायुद्धानंतर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या रायफलींवर दोन हजार मीटरच्याही पुढच्या खुणा असत. सगळ्या पलटणीने एकदम बार काढून लांबच्या शत्रूवर गोळ्यांचा पाऊस पाडायचा, अशी त्यामागची कल्पना. मशीनगन आणि तोफांनी ती निकालात काढली, काडतुसं मात्र तशीच राहिली. जर्मनांनी महायुद्धातच आखूड ७.९२ × ३३ काडतूस काढलं, रशियनांनी ७.६२ × ३९. १९५२मध्ये अमेरिकी लष्करासाठी नॉर्मन हिचमन यांनी अहवाल दिला: रायफलीचा प्रत्यक्ष वापर बहुतांशी ३०० यार्डांच्या आत होतो, आणि नेम लागतो तो त्याहूनही बराच जवळून. ब्रिटिश तोवर मध्यम ताकदीचं .२८० काडतूस घेऊन तयार होते. अमेरिकेने ते नाकारलं आणि नाटोला पूर्ण ताकदीचं ७.६२ × ५१ घ्यायला लावलं. पुढे दहा-पंधरा वर्षांतच व्हिएतनामच्या जंगलात स्वतः मात्र ५.५६ची एम-१६ उचलली. हिचमन यांचं म्हणणं घरच्यांना पटायला एक युद्ध लागलं.

जवळच्या अंतरावर गोळीच्या ताकदीला किती कमी अर्थ असतो, हे मुंबईने फार वाईट पद्धतीने पाहिलं. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री सीएसटी स्थानकात हल्लेखोरांकडे एके प्रकारच्या रायफली होत्या. तिथल्या काही पोलिसांच्या हाती जुनी.३०३. एका गोळीची ऊर्जा मोजली तर .३०३ कितीतरी वरचढ, तीन हजार ज्यूलच्याही पुढे. पण फलाटाच्या अंतरावर प्रत्येक गोळीमागे बोल्ट ओढणारा माणूस, सलग झाडणाऱ्यापुढे काय करणार? इथे हवी आखूड बंदूक. दारातून, जिन्यातून, गाडीच्या खिडकीतून चटकन वळणारी.

मात्र नळी आखूड केली की त्याचीही किंमत असते. दारू जळून तयार झालेला वायू गोळीला नळीच्या तोंडापर्यंत ढकलत राहतो. ढकलायला जागा कमी मिळाली, की वेग कमी. ५.५६च्या वीस इंची नळीऐवजी साडेचौदा इंची नळी घेतली तर सेकंदाला साधारण पन्नास मीटरचा फटका बसतो. आणखी आखूड केली, तर उतार अधिकच तीव्र. उरलेला दाब नळीच्या तोंडाशी बाहेर फुटतो, म्हणून कार्बाईनचा आवाज कानाला जास्त झोंबतो आणि अंधारात तिचा लखलखाट जास्त दिसतो. जड गोळीला हा फटका तितकासा जाणवत नाही. चार ग्रॅमच्या गोळीची सगळी भिस्तच वेगावर असते, त्यामुळे तिचं नुकसान जास्त.

आता पुन्हा लडाखकडे, कारण लांबच्या अंतराचं भौतिकशास्त्र खरं रंगतं ते इथे. गोळीला हवा किती अडवते हे तिच्या समोरच्या क्षेत्रफळाला वजनाने भागलं की अंदाजता येतं. हे गुणोत्तर ५.५६पेक्षा ७.६२ × ५१चं चांगलं आहे. म्हणून लहान गोळी निघते पुढे, पण दमते लवकर. पाचशे मीटरवर दोघींचे वेग जवळपास सारखे झालेले असतात. आणि वेग सारखे झाले, की दुपटीहून जास्त वजनाच्या गोळीकडे ऊर्जाही दुपटीहून जास्त उरते. आडव्या वाऱ्याची गोष्ट याहून मजेशीर आहे. वारा गोळीला किती ढकलेल हे एकूण उड्डाणाच्या वेळेवर ठरत नाही. निर्वात पोकळीत तिला जेवढा वेळ लागला असता, त्याहून हवेमुळे किती उशीर झाला, तेवढ्यावरच ठरतं. उशीर ०.२ सेकंदाचा आणि वारा सेकंदाला ५ मीटरचा असेल, तर गोळी एक मीटर बाजूला जाते. माणसाची रुंदी अर्धा मीटर! दुपारी दरीतून सुटणारा वारा याच्या दुप्पट सहज असतो.

उंचीवर एक सवलत मात्र मिळते. साडेचार हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ६३ टक्केच राहते. गोळीचा वेग कमी घटतो, ती कमी खाली उतरते, वाऱ्यानेही कमी सरकते. मैदानात बसवलेला नेम तिथे वरून जातो, म्हणून तो पुन्हा बसवावा लागतो. ही सवलत लहान गोळीलाही मिळते हे खरं, पण अंतरं एवढी मोठी असतात, की पारडं तरीही जड गोळीकडेच झुकतं. अफगाणिस्तानातही हेच झालं होतं. तालिबान लांबच्या डोंगरावरून पूर्ण ताकदीच्या काडतुसाची पीकेएम मशीनगन चालवत, आणि ५.५६वाल्या तुकड्यांना चोख उत्तर देता येत नसे. ब्रिटिशांनी मग तिथे काही नेमबाजांच्या हाती ७.६२ × ५१ची एल-१२९ दिली. तुकडीतल्या सगळ्यांना नाही, मोजक्यांनाच.

अमेरिकेने २०२२मध्ये याहून मोठी उडी घेतली आणि नव्या ६.८ × ५१ काडतुसाची एम-७ निवडली. चिलखत भेदायचं, म्हणून दाब इतका वाढवला की नुसतं पितळ पुरेना. नळकांड्याचा तळ पोलादाचा करावा लागला. रायफल आवाज दाबणाऱ्या नळकांड्यासह जवळजवळ साडेचार किलो, मॅगझीनमध्ये तीसऐवजी वीस गोळ्या, आणि जवानामागे २१०ऐवजी १४० गोळ्या. एकाच बंदुकीने सगळं साधायच्या नादात सत्तर गोळ्या घरी ठेवणं मला फारसं पटत नाही. चकमकीत बऱ्याच गोळ्या शत्रूला डोकं वर काढू न देण्यासाठीच खर्च होतात, आणि त्या कामाला एकेका गोळीची ताकद नाही, संख्या लागते.

आपल्या लष्कराने कामं वाटून घेतली आहेत. आघाडीच्या पायदळाला सिग, मोठ्या संख्येला एके-२०३, आणि जवळच्या लढाईसाठी ५.५६ची नवी कार्बाईन. तिचा आराखडा पुन्हा पुण्याच्या एआरडीईचा, बनवणारी भारत फोर्जही पुण्याची. जुन्या ९ एमएम कार्बाईनच्या जागी ती यायची आहे. मला ही वाटणी एका आदर्श रायफलीच्या शोधापेक्षा बरी वाटते. त्रास आहे तो पुरवठ्याचा. तीन प्रकारची काडतुसं वेगवेगळी बनवायची, साठवायची आणि योग्य ठाण्यावर योग्य पेटी पोचवायची. त्यातली दोन नावाने ‘७.६२’, पण एकाचं काडतूस दुसऱ्याच्या रायफलीत चालणार नाही. खडकी आणि वरणगावच्या दारूगोळा कारखान्यांना या निवडीचा भार कायमचा वाहायचा आहे.

आणि पाचशे मीटरवर पोचणारी गोळी असली, तरी पाचशे मीटरवरचं माणूस दिसायला हवं. नळीच्या टोकावरच्या साध्या माशीने, म्हणजे नेमखुणेने, तीनशेच्या पुढे नेम धरणं अवघड, रात्री तर अशक्य. सिगसाठी रात्रीच्या दुर्बिणी घेण्याचा करार संरक्षण मंत्रालयाने केला तो ऑक्टोबर २०२५मध्ये, म्हणजे पहिल्या रायफलींच्या मागणीनंतर साडेसहा वर्षांनी. चांदण्यांच्या उजेडात पाचशे मीटरपर्यंतचा नेम त्यांनी साधता येईल असं सांगितलं गेलं. त्या दुर्बिणीचं वजनही अर्थात रायफलीवरच चढणार.