लॅपटॉपचा ओरखडा: रंगावरचा आणि अ‍ॅनोडायझिंगवरचा

लॅपटॉपच्या झाकणावर ओरखडा दिसला की घरातले, कचेरीतले आणि चहाच्या टपरीवरचे सगळे जाणकार एकमुखाने एकच उपाय सांगतात: थोडी टूथपेस्ट नाहीतर गाडीचे रबिंग कंपाउंड (बारीक घासणारे पॉलिश) घे, मऊ फडक्याने गोल गोल घास, जाईल. सांगणाऱ्यांचा अनुभव खोटा नसतो, कारण मोटरसायकलच्या टाकीवर किंवा गाडीच्या दारावर त्यांनी हे करून पाहिलेले असते. मात्र टाकी रंगवलेली असते, आणि ‘मेटल बॉडी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच लॅपटॉपांचे अ‍ॅल्युमिनियम रंगवलेले नसून विजेच्या प्रक्रियेने वरचा धातूच कडक करून अ‍ॅनोडाइझ केलेले असते. दोन्ही पृष्ठभाग दिसायला सारखे, हाताला जवळपास सारखे, आणि ओरखड्याच्या बाबतीत एकाचे औषध दुसऱ्याला विष ठरेल इतके निराळे.

रंगाविषयी फार सांगायला नको. प्लास्टिकवर किंवा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूवर रंगाचा थर चढवलेला असतो, काही ठिकाणी त्याखाली प्रायमर आणि त्यावर पारदर्शक लॅकर असते. त्याला टवका उडतो, टचअप करता येतो, आणि वरचे लॅकर चकचकीत असेल तर बारीक ओरखडे कंपाउंडने खरोखरच कमी होतात. मॅट रंगावर तेवढे घासू नये आणि नेलपॉलिश रिमूव्हर जवळपासही आणू नये, एवढे पथ्य पुरेसे आहे. रबरासारखा मऊ लागणारा रंग ही मात्र वेगळी पीडा आहे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत काही वर्षांनी तो स्वतःच चिकट होतो आणि मग ओरखड्यांची चिंता करण्याचे कारणच उरत नाही.

अ‍ॅनोडायझिंग हा वरून दिलेला थर नव्हे, आणि सगळा गोंधळ येथेच होतो. अ‍ॅल्युमिनियमचा भाग सौम्य सल्फ्युरिक आम्लाच्या टाकीत बुडवून त्याला विजेच्या धन टोकाशी जोडतात, म्हणजे तो भागच अ‍ॅनोड होतो, आणि या प्रक्रियेचे नावही त्यावरूनच पडले आहे. वीज वाहू लागली की धातूचा पृष्ठभाग स्वतःच ऑक्साइडमध्ये बदलत जातो. काही थर मूळ पातळीच्या आत तयार होतो, काही बाहेर वाढतो. पेढ्यावरचा वर्ख पेढ्याहून वेगळा असतो, पण भाकरीचा पापुद्रा त्याच पिठाचा असतो. रंग हा वर्ख आहे आणि अ‍ॅनोडायझिंग हा पापुद्रा. ब्रिटनमध्ये १९२३ साली समुद्री विमानांचे भाग खाऱ्या पाण्याने खाल्ले जाऊ नयेत म्हणून क्रोमिक आम्लात ही प्रक्रिया वापरली गेली आणि काही वर्षांतच सल्फ्युरिक आम्लाची पद्धत आली. आपल्या ओट्यावरची काळपट ‘हार्ड अ‍ॅनोडाइज्ड’ कढई याच कुळातली आहे, फक्त तिचा थर अधिक जाड असतो.

शोभेसाठी केलेल्या अ‍ॅनोडायझिंगचा थर साधारण ५ ते २५ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. डोक्याचा केस ५० ते १०० मायक्रॉन धरला, तर हा थर केसाच्या फार तर निम्मा झाला. त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. रंगद्रव्य त्या छिद्रांत भिनवतात आणि मग गरम पाण्यात किंवा तत्सम प्रक्रियेने त्यांची तोंडे बंद करतात. म्हणजे गडद निळा किंवा काळा लॅपटॉप ‘निळा’ किंवा ‘काळा’ असतो तो एवढ्याच खोलीपर्यंत. त्याखाली नुसते चंदेरी अ‍ॅल्युमिनियम असते, आणि तेही इतके मऊ की त्या कडक पापुद्र्याला खालून आधार देऊ शकत नाही. टोकदार वस्तूचा जोराचा दाब पडला की पापुद्रा फुटतो आणि खाली पोचा पडतो.

आता कंपाउंडने काय होते ते पाहा. चकचकीत लॅकरवर कंपाउंड चऱ्याच्या दोन्ही काठांचा थोडा थोडा थर काढून सगळा भाग एका पातळीवर आणते, आणि वरून चकाकी देते. अ‍ॅनोडाइझ केलेल्या झाकणावर काढायला लॅकर नसते. जे निघते ते ऑक्साइड असते आणि त्याच्यासोबत त्यात भिनलेला रंगही जातो. शिवाय त्या झाकणाचा मऊ, धुकट पोत अ‍ॅनोडायझिंगच्या आधी बारीक मण्यांचा मारा करून धातूवर उठवलेला असतो. घासल्याने त्याचे उंचवटे सपाट होतात आणि तेवढाच भाग चमकू लागतो. माझ्या जुन्या करड्या लॅपटॉपवर जेमतेम पाऊण इंचाचा ओरखडा होता. गॅरेजमधून आणलेले कंपाउंड मी पंधरा मिनिटे मनोभावे घासले, आणि त्या ओरखड्याभोवती रुपयाच्या नाण्याएवढी चकाकणारी चकती तयार झाली. ओरखडा अजूनही आहे, फक्त आता तो कोणाला दिसत नाही, कारण सगळे त्या चकतीविषयी विचारतात. टूथपेस्टने इतके नुकसान सहसा होत नाही, पण उपयोगही होत नाही, आणि स्पीकरच्या जाळीत अडकलेला पांढरा लगदा टाचणीने काढत बसावे लागते. पितळेची भांडी उजळण्याचे पॉलिश, ‘जादूचा’ पांढरा स्पंज, खाण्याचा सोडा ही सगळी त्याच पंगतीतली मंडळी आहेत. धुण्याचा सोडा आणि भट्टी साफ करण्याची तीव्र द्रावणे तर त्याहून वाईट, कारण अल्कलीत हे ऑक्साइड विरघळते. डिशवॉशरमधून निघालेली काळी कढई पांढुरकी का पडते, त्याचे उत्तर हेच आहे.

उलट बाजूचा गैरसमज, म्हणजे दिसणारी प्रत्येक रेघ ओरखडाच आहे असे मानणे, अधिक सुखाचा आहे. अ‍ॅल्युमिनियमचे ऑक्साइड इतके कठीण असते की पितळी किल्ली, पट्ट्याचे बक्कल किंवा चार्जरच्या पिना त्याला सहसा चरत नाहीत. त्या स्वतःच झिजतात आणि आपला धातू त्या खरखरीत पृष्ठभागावर सोडून जातात. पाटीवर पेन्सिल ओढल्यावर पाटी कोरली जात नाही, तसेच हे. गेल्या पावसाळ्यात भाचा आपला चंदेरी लॅपटॉप घेऊन रडवेल्या चेहऱ्याने आला. झाकणावर वीतभर लांब, काळसर-पिवळी रेघ होती. चार्जर त्याच कप्प्यात होता, लोकलच्या रॅकवर बॅग तासभर हिंदकळत होती, आणि दुरुस्तीवाल्याने अख्खे झाकण बदलण्याचा खर्च सांगितला होता. नख आडवे फिरवले तर कुठेही अडकले नाही. शाळेच्या दप्तरातला पांढरा खोडरबर घेऊन मी रेघेच्या दिशेने हलकेच घासले. रबराचा चुरा करडा पडत गेला आणि पाच मिनिटांत रेघ गेली. म्हणून कोणत्याही ‘ओरखड्या’वर पहिला उपाय म्हणजे ओलसर मऊ फडके, मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब, आणि मग खोडरबर. यात ती खूण फिकट झाली, तर ओरखडा नव्हताच.

शंका उरलीच तर मल्टिमीटर, म्हणजे वीज तपासण्याचे छोटे यंत्र, आहे. ऑक्साइडचा थर वीज वाहू देत नाही, धातू वाहू देतो. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, मीटर बीप देणाऱ्या खुणेवर ठेवावे आणि दोन्ही प्रोब (तारांची टोकदार टोके) एकाच रेघेत, एकमेकांना न चिकटवता, आडवे टेकवावे. (टोक रोवू नये, नाहीतर तपासणीच नवा चरा पाडील.) बीप आली तर रेघ धातूपर्यंत पोचली आहे आणि ती भरून येणार नाही. ती पुन्हा अ‍ॅनोडाइझ करायची तर सगळे भाग सुटे करून जुना थर अल्कलीत काढून टाकावा लागेल. आत चिकटवलेले आणि स्टीलचे भाग असलेल्या झाकणासाठी हा उद्योग कोणी करीत नाही. मात्र घाबरण्याचेही कारण नाही. उघड्या पडलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर हवेनेच लगेच अतिशय पातळ ऑक्साइड चढते, लोखंडासारखा गंज पसरत जात नाही. तळहात टेकतो तेथे घामातल्या मिठाने बारीक खड्डे पडू शकतात, म्हणून तेवढी जागा रोज पुसावी.

आपला लॅपटॉप कोणत्या जातीचा, हे ओळखायला कडा पाहाव्यात. टवका उडालेल्या ठिकाणी पायरी लागली, खाली प्रायमर किंवा प्लास्टिक दिसले, तर तो रंग आहे. पायरी न लागता थेट चांदीसारखा ठिपका चमकला, तर अ‍ॅनोडायझिंग. मग चंदेरी लॅपटॉपवर काहीही करू नये, कारण चंदेरीवर चंदेरी रेघ हातभर अंतरावरूनही दिसत नाही. गडद रंगाच्या लॅपटॉपवर तोच ठिपका रात्रीच्या दिव्यासारखा उठतो, विशेषतः चार्जिंगच्या भोकाभोवती. तेथे जुळत्या रंगाच्या मार्करचा एक ठिपका द्यावा, नाहीतर व्हिनाइलची स्किन (प्लास्टिकचे पातळ चिकट आवरण) चिकटवावी. मला विचाराल तर मी गडद अ‍ॅनोडाइझ केलेला लॅपटॉप विकतच घेणार नाही.

प्रतिबंधाच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या पारदर्शक, कडक, खटकन बसणाऱ्या कव्हरांवर माझा विशेष राग आहे. लोक ती अंगरख्यासारखी वर्षभर चढवून ठेवतात. किल्लीपासून जे झाकण सुरक्षित होते, त्याच्यावर आता धूळ कोंडली जाते, आणि आपल्या धुळीत क्वार्ट्झची वाळू असते, जी पितळाच्या आणि किल्लीच्या पोलादाच्या कितीतरी पुढे कठीण आहे. दर हालचालीला कव्हर ती वाळू झाकणावर दळते, कव्हर अडकवणारे कोपऱ्यांवरचे आकडे तेच चार ठिपके घासत राहतात आणि झाकणाचे वाढलेले वजन बिजागरीवर येते. रंगवलेल्या लॅपटॉपवर तर हे आणखी लवकर होते. त्यापेक्षा फेल्टचे किंवा मऊ अस्तराचे पाकीट घ्यावे, ते महिन्यातून एकदा उलटे करून झटकावे, आणि चार्जरला त्यात कधीही जागा देऊ नये. भाच्याच्या बॅगेत आता चार्जरसाठी जुन्या पायमोज्याची थैली असते; पिना आत, गाठ बाहेर.