सायलेन्सरच्या पोटातली लाट

गॅरेजमध्ये यामाहाच्या आरएक्स १०० या मोटरसायकलचा सायलेन्सर काढून फरशीवर आडवा ठेवलेला दिसला, तर त्यावरून एकदा हात फिरवून बघा. इंजिनजवळची नळी अंगठा आणि तर्जनीच्या कड्यात मावेल एवढी बारीक, आणि पुढे हळूहळू फुगत जाणारी. मेकॅनिक शेपटीची पुंगळी ओढून तिच्यावरची काजळी साफ करतो. आवाज दाबायचं काम त्या पुंगळीचं. बाकीचा सायलेन्सर म्हणजे, माझ्या मते, अर्धं इंजिनच आहे. अवघ्या ९८ सीसीतून ११ हॉर्सपॉवर निघायचे, त्यात या फुगलेल्या पोटाचा मोठा वाटा होता.

आरएक्सचं इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे पिस्टन एकदा वरखाली झाला की एकदा इंधन जळणारं. अशा इंजिनाच्या सिलिंडरला भिंतीतच खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन वरखाली होताना त्या उघडतो आणि झाकतो. अडचण अशी, की धूर बाहेर जायची खिडकी आणि ताजं मिश्रण आत यायच्या खिडक्या काही क्षण एकदमच उघड्या राहतात. मग पेट्रोल आणि हवेचा ताजा माल धुराच्या मागोमाग बाहेर पळतो.

त्याला परत आणायचं काम आवाज करतो. धूर सुटताना दाबाची एक लाट, म्हणजेच आवाज, नळीतून धावते. नळी रुंदावते तिथून उलटी ओढ मागे येते, ती उरलेला धूर उपसते आणि ताजं मिश्रणही खेचून घेते, थोडं नळीतसुद्धा. पुढे नळी पुन्हा चिंचोळी होते. तिथे आपटून लाट मागे फिरते आणि खिडकी मिटायच्या आत नळीत आलेलं मिश्रण सिलिंडरमध्ये परत ढकलते.

हिशोब करून बघू. मिनिटाला १०,००० फेरे म्हणजे एका फेऱ्याला ६ मिलिसेकंद. खिडकी साधारण अर्धा फेरा उघडी, म्हणजे ३ मिलिसेकंद. तापलेल्या धुरात आवाज सेकंदाला सुमारे ५०० मीटर धावतो, तेव्हा एवढ्या वेळात दीड मीटर. जाऊन परत यायचं आहे, म्हणून आपटायची जागा पाऊण मीटरवर हवी. नळी अशी ठरावीक आरपीएमलाच जुळते. म्हणूनच आरएक्स आधी शांत चालायची आणि एका टप्प्यानंतर एकदम उसळायची.

हे गणित गाडीत उतरवलं ते पूर्व जर्मनीतल्या त्शोपाउ गावी, एमझेड या मोटरसायकल कारखान्यातल्या वाल्टर काडेन यांनी. १९६१ साली त्यांचं १२५ सीसीचं इंजिन २५ हॉर्सपॉवर देत होतं. आरएक्स चालवलेल्या प्रत्येकाला हे नाव माहीत असावं, असं मला मनापासून वाटतं.

तिकडे जपानची सुझुकी १९६० मध्ये पहिल्यांदा आयल ऑफ मॅन या ब्रिटनजवळच्या बेटावरच्या शर्यतीत उतरली, तेव्हा तिची सर्वांत पुढची गाडी पंधरावी आली होती. पुढच्याच वर्षी, बर्लिनची भिंत उभी राहून महिना होतो न होतो तोच, एमझेडचा रेसर एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीनंतर डेन्मार्कमार्गे पश्चिमेकडे निसटला. बायको-मुलांना गाडीच्या डिकीत लपवून सीमेपार आणलं. तो जपानमधल्या हमामात्सूला सुझुकीकडे गेला आणि काडेन यांची विद्याही सोबत गेली. १९६२ मध्ये ५० सीसी गटाचं विश्वविजेतेपद डेग्नरनं सुझुकीवर जिंकलं.

ही चोरी होती का? मला तसंच वाटतं. पण जपान्यांनी पुढे जे केलं ते त्यांचं स्वतःचं. शर्यतीपुरतं टिकणारं इंजिन त्यांनी रोज कामावर नेण्याजोगं केलं. १९६४ मध्ये यामाहाने ऑइलला वेगळी टाकी आणि पंप दिला, त्यामुळे पेट्रोलमध्ये मापाने ऑइल ओतणं सुटलं. नंतर मिश्रण मागे फिरू न देणाऱ्या पातळ पात्या आल्या, त्यांना रीड व्हॉल्व्ह म्हणतात. १९८३ ची राजदूत ३५० आणि १९८५ ची आरएक्स, दोन्ही यामाहाच्याच घराण्यातल्या.

मातीवर, म्हणजे रस्ता सोडून चालणाऱ्या गाड्यांची गोष्ट मात्र चोरीची नाही, सरळ व्यवहाराची आहे. १९६८ साली यामाहाने डीटी-१ आणली, २४६ सीसीची, रस्त्यावरही चालणारी आणि रानातही. त्याआधी अमेरिकेत हौशी लोक जड ब्रिटिश गाड्यांचे दिवे-मडगार्ड काढून वाळवंटात न्यायचे. पण उडी मारून उतरताना मागचे दोन आखूड शॉकअप हार मानायचे. आतलं ऑइल तापायचं, फेसाळायचं, मग चाक जमीन सोडून नाचायचं. जमिनीला न टेकलेलं चाक गाडी पुढे कसं नेणार?

बेल्जियमचे प्राध्यापक लुसियन टिल्केन्स यांनी एकच लांब शॉकअप टाकीखाली आडवा बसवला. आतल्या दाबाच्या गॅसमुळे ऑइल फेसाळेना. यामाहाने त्यांचे हक्क रीतसर विकत घेतले आणि १९७३ मध्ये हाकान आंदेर्सन त्याच गाडीवर २५० सीसी मोटोक्रॉसचा, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीचा विश्वविजेता झाला. पुण्यातल्या कुठल्याही कॉलेजच्या पार्किंगमध्ये यामाहा एफझीच्या सीटखाली वाकून बघा, मागे एकच शॉकअप दिसेल.

सायलेन्सरच्या त्या फुगीर नळीचा दोष मात्र तिच्या गुणातच होता. आरपीएम जुळला नाही, की लाट उशिरा किंवा लवकर पोचते आणि न जळलेलं पेट्रोल हवेत जातं. यामाहाने एक्झॉस्टच्या खिडकीची उंची वेगाप्रमाणे बदलणारा पॉवर व्हॉल्व्ह बसवून पाहिला, त्यानं बरंच साधलं. पण धुराचे नियम कडक होत गेले. १९९६ मध्ये आरएक्स १०० बंद झाली. १९९८ मध्ये यामाहानेच मोटोक्रॉससाठी फोर-स्ट्रोक, म्हणजे पिस्टन दोनदा वरखाली झाल्यावर एकदा इंधन जळणारी, वायझेड४००एफ विकायला काढली आणि २००२ पासून ग्रां प्री या रेस ट्रॅकवरच्या विश्वशर्यतींच्या सर्वांत मोठ्या गटातही फोर-स्ट्रोक आल्या. फोर-स्ट्रोकच्या नळीला तसं पोट लागत नाही. पण लाट तिच्यातही जाते आणि परत येते, म्हणून तिची लांबी आजही मोजूनच कापतात.