साम्राज्य लांब आहे की बुडालंय? ट्रॅव्हलर आणि स्टार्स विदाऊट नंबर

नव्या भिडूनं फोनवर विचारलं, "सेक्टर कुठला?" मी म्हटलं, "आठ. ऐरोली स्टेशनवरून रिक्षा कर." त्याला आमच्या कॅम्पेनचा, म्हणजे सेशनमागून सेशन चालणाऱ्या गोष्टीचा, अंतराळातला सेक्टर हवा होता. नवी मुंबईत राहून अंतराळातले खेळ चालवले की हा घोळ ठरलेलाच.

पण खरा घोळ त्यापुढे आहे. डीएनडी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून फासे टाकत पात्रं निभावायचा खेळ) खेळून कंटाळलेल्या मंडळींना जहाज, व्यापार, अनोळखी ग्रह असलं काही खेळायचं असतं. मग दोन नावं पुढे येतात, ट्रॅव्हलर आणि स्टार्स विदाऊट नंबर, आणि "दोन्ही एकच ना रे?" असंही कुणीतरी म्हणतंच. वरवर पाहिलं तर एकच. दोन्हीत षटकोनी घरांचा नकाशा, दोन्हीत कौशल्याची परीक्षा दोन सहापैलू फाशांवर, दोन्हीत पाच-सहा जणांचं खटारा जहाज आणि पैशाची चणचण.

नकाशाचा सापळा आधी सांगून टाकतो, कारण त्यात मी स्वतः पडलोय. स्टार्स विदाऊट नंबरमध्ये आठ बाय दहा घरांच्या तुकड्याला सेक्टर म्हणतात आणि त्यात २१ ते ३० तारे असतात. ट्रॅव्हलरमध्ये तेवढ्याच तुकड्याला सबसेक्टर म्हणतात. असे १६ सबसेक्टर मिळून एक सेक्टर, म्हणजे १,२८० घरं. "एक सेक्टर तयार करून ठेवतो" असं ट्रॅव्हलरच्या टेबलावर बोलून बसलात तर वर्षभर दुसरं काही होणार नाही.

ट्रॅव्हलर १९७७चा. अमेरिकेतल्या गेम डिझायनर्स वर्कशॉपनं काढलेला, मार्क मिलर यांचा. त्याचं प्रसिद्ध विश्व, तिसरं साम्राज्य, पहिल्या डब्यात नव्हतंच. ते पुढच्या पुरवण्यांमधून उभं राहिलं. साम्राज्यात सुमारे ११,००० ग्रह. आणि या अवाढव्य पसाऱ्याचा प्राण एका साध्या नियमात आहे: जम्प, म्हणजे ताऱ्यावरून ताऱ्यावर मारलेली जहाजाची उडी, एका घराची असो वा सहा घरांची, लागतो एक आठवडाच. जहाजापेक्षा वेगानं निरोप जात नाही. रेडिओ नाही, फोन नाही, काही नाही. बातमी जहाजात बसून येते.

हे इंग्रजी पुस्तकातून समजावताना मी दमलो होतो. मग पानिपत आठवलं आणि काम झालं. १४ जानेवारी १७६१ला भाऊसाहेब आणि विश्वासराव पडले, तेव्हा नानासाहेब पेशवे मदतीला उत्तरेकडे निघालेले होते. वाटेत, माळव्यात, सावकारी सांकेतिक भाषेतलं ते मोती गळाल्याचं पत्र हाती पडलं. त्याआधीचे कित्येक दिवस पेशवे अशा एका फौजेच्या मदतीला चालले होते, जी उरलीच नव्हती. तिसऱ्या साम्राज्यात रोज हेच चालतं. तिथल्या चौथ्या सीमायुद्धात तर राजधानीहून हुकूम पोचायच्या आत सरहद्दीवर तहसुद्धा होऊन गेला.

म्हणूनच तिथे सरदार, ड्यूक, बॅरन आहेत. एवढी यंत्रं असलेल्या भविष्यात सरंजामशाही कशाला, असं आमच्या टेबलावर पहिल्याच दिवशी विचारलं गेलं. उत्तर अंतरात आहे. पुण्याहून ग्वाल्हेर रोज चालवता येत नव्हतं म्हणून शिंद्यांना अधिकार द्यावे लागले, इंदूरला होळकरांना. सम्राट लांब आहे, तेव्हा इथल्या ड्यूकशी वाकडं घ्यायचं नाही. मात्र त्याचा हुकूम शेजारच्या ग्रहावर पोचायच्या आत तुम्ही तिथून सटकलेले असाल, तर मजा तुमची.

आता स्टार्स विदाऊट नंबर. केव्हिन क्रॉफर्ड यांनी २०१०मध्ये काढला, सुधारित आवृत्ती २०१७ची, आणि तिचं मूळ पुस्तक पीडीएफमध्ये फुकट मिळतं. इथे साम्राज्य लांब नाही, बुडालेलं आहे. पृथ्वीवरून चालणारी टेरन मँडेट नावाची सत्ता होती. मधल्या समृद्ध ग्रहांची ये-जा जम्प गेटमधून चालायची आणि ती गेट्स मनोबळ असलेली माणसं, म्हणजे सायकिक, चालवायची. २६६५ साली 'स्क्रीम' झाली. एका लाटेत सगळे सायकिक मेले किंवा वेडे झाले. गेट्स बंद. बाहेरून येणाऱ्या धान्यावर जगणारे ग्रह उपाशी मेले. खेळ सुरू होतो ३२०० साली, जेव्हा लोक स्पाइक ड्राइव्ह नावाच्या इंजिनाच्या जहाजांतून पुन्हा एकमेकांच्या दारात जाऊ लागलेत.

हे समजवायला मला इतिहासात जावं लागलं नाही. म्हटलं, समजा एका दुपारी वाशीचा खाडीपूल, ऐरोलीचा पूल, ट्रान्स-हार्बरची लोकल, ठाणे-बेलापूर रस्ता आणि मोबाईल, सगळं एकदम बंद पडलं. पाचशे वर्षं बंदच राहिलं. तुर्भ्याला घाऊक बाजार असल्यामुळे तिथे गोदामांच्या मालकांचं राज्य. महाप्यात बंद पडलेल्या सर्व्हरना रोज फुलं वाहणारा पंथ. घणसोलीची माणसं कशी बोलतात हे ऐरोलीत कुणालाच माहीत नाही. आणि तुमच्याकडे एक होडी आहे. कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती लिहायचा कागद, हातात घ्यायच्या आधीच दोघांनी आपापलं राज्य मागून घेतलं.

निवड करायची ती इथे. फाशांवरून ती करू नका. (फरक आहे: स्टार्स विदाऊट नंबरमध्ये लढाईला वीसपैलू फासा, लेव्हल (पात्राची पायरी), क्लास (पात्राचा प्रकार), म्हणजे डीएनडीवाल्यांना घरच्यासारखं. ट्रॅव्हलरमध्ये दोन फाशांची बेरीज करून आठ आणायचे, बस्स.) विचारायचं ते हे की तुमच्या भिडूंच्या डोक्यावर कुणी असायला हवंय का? ट्रॅव्हलरमध्ये कायदा आहे, बंदरावर तपासणी आहे, आणि कर्ज आहे. जहाजाचा हप्ता किमतीचा २४०वा भाग, दर महिन्याला, ४८० महिने. चाळीस वर्षं! घोडबंदर रोडच्या फ्लॅटचं कर्ज फेडणारा आमचा एक भिडू हे ऐकून म्हणाला, "मी इथे सुटायला येतो रे." त्याच्यासाठी स्टार्स विदाऊट नंबर. तिथे पडक्या अवशेषांतलं यंत्र उचललं तर तक्रार करायला कुणी नाही, आणि तुम्हाला लुटलं तर तुमचीही ऐकायला कुणी नाही.

पात्रंही त्यानुसारच येतात. ट्रॅव्हलरमध्ये तुम्ही सुरुवातीलाच चाळिशीचे असू शकता: चार-चार वर्षांच्या नोकऱ्या, एखादी जखम, जुना शत्रू, पेन्शन. पहिल्या आवृत्तीत तर पात्र घडवतानाच मरायची सोय होती. दुसरीकडे पहिल्या लेव्हलचा कोवळा वॉरियर एका बऱ्या गोळीत आडवा होतो, पण जगला तर वाढत जातो. मनानं वस्तू हलवायची हौस असणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. तिसऱ्या साम्राज्यात सायकिक असणं लपवायची गोष्ट आहे, स्टार्स विदाऊट नंबरमध्ये तो सरळ एक क्लासच आहे.

चालवणाऱ्याच्या कष्टाबद्दल मात्र माझं मत ठाम आहे, आणि ते पहिली कॅम्पेन बुडवून झालेलं आहे. ट्रॅव्हलरचं विश्व भरलेलं आहे. प्रत्येक ग्रहाला अक्षर-आकड्यांची एक ओळ: बंदराचा दर्जा, आकार, हवा, पाणी, लोकसंख्या, सरकार, कायदा, तंत्रज्ञान. ट्रॅव्हलर मॅप या संकेतस्थळावर सगळा पसारा हलवत बघता येतो. मी तो सगळा वाचून गेलो आणि पहिल्या सेशनला चाळीस मिनिटं इतिहास सांगितला. एक जण झोपला. शिवाय टेबलावर एखादा जाणकार निघाला, तर त्याला साम्राज्य समजावणं म्हणजे नौपाड्यात जन्मलेल्याला नौपाडा दाखवणं. ट्रॅव्हलर घ्यायचा तर एकच सबसेक्टर घ्या, बाकीचं बंदरावरच्या अफवांत राहू द्या.

स्टार्स विदाऊट नंबर कोरा कागद देतो, पण सोबत कारखानाही देतो. प्रत्येक ग्रहाला दोन टॅग, म्हणजे त्याचा स्वभाव सांगणाऱ्या चिठ्ठ्या. माझ्या फाशांनी एकदा 'व्यापारी नाका' आणि 'परक्यांचा तिटकारा' एकाच ग्रहावर टाकले. आलेल्या गिऱ्हाइकाचा राग येणारा बाजार! असे आपल्याला काही कमी माहीत नाहीत; अर्ध्या तासात ग्रह तयार. शिवाय टोळ्या, पंथ, सरकारं यांना बळ, कावा आणि पैसा असे तीन आकडे देऊन दोन सेशनच्या मध्ये तुम्ही एकटेच त्यांची चाल खेळता. भिडू नसतानाही जग हलत राहतं. हे यंत्र मी उचलून ट्रॅव्हलरमध्येही वापरतो, दोन्ही पुस्तकांत भांडण होत नाही.

उलट दिशेची एक उचल सांगतो. आमच्याकडे दर वेळी कुणीतरी कळव्याच्या पुढे अडकलेलं असतं. ट्रॅव्हलरची जम्प कायम आठवड्याची, म्हणून सेशन जम्पमध्येच संपवायचं; आला नाही तो केबिनमध्ये आजारी. स्टार्स विदाऊट नंबरमध्ये सहा दिवस गुणिले घरं, भागिले ड्राइव्हचा क्रमांक, असा हिशेब असल्यानं ही सवय तितकी सहज बसत नाही.

सध्या आम्ही ट्रॅव्हलर खेळतोय. भिडूंनी तीन हप्ते थकवलेत आणि त्यांचं जहाज एका जम्पला एकच घर पुढे जातं. साम्राज्याची टपाल जहाजं चार घरं जातात. भिडूंनी हा हिशेब अजून केलेला नाही. रविवारी ते जम्पमधून बाहेर पडतील.