जलपर्णीवर ड्रोनने फवारणी: परवानगी कोणाची, कागदपत्रं कोणती?

उन्हाळा लागला की पुण्यातल्या मुळा-मुठा, पवना जलपर्णीने हिरव्यागार होतात, मागोमाग डास येतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी लिहितंच, "ड्रोन मागवू, एका दुपारचं काम." ड्रोनचे कागद त्यातल्या त्यात सोपे. अडतं ते पाण्यापाशी.

नदी किंवा तलाव सोसायटीचा नसतो. त्यामुळे पहिला अर्ज पाण्याच्या ताबेदाराकडे, म्हणजे जागेनुसार महापालिका, जलसंपदा विभाग किंवा ग्रामपंचायत. सोबत नकाशा, अंदाजे क्षेत्र, फोटो आणि औषधाच्या लेबलची प्रत जोडा. लेबल नीट वाचा. तणनाशकांची नोंदणी 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली होते. वापर लेबलवर असेल तेवढाच. उसात चालतं म्हणून नदीत चालत नाही. हेच पाणी पुढे भीमेतून उजनीत जातं आणि सोलापूरकर ते पितात, हे विसरून कसं चालेल?

ड्रोन स्वतः विकत घेण्यापेक्षा परवानाधारक फवारणीवाल्याला बोलवा. त्याच्याकडून चार गोष्टी मागा: ड्रोनचा युनिक ओळख क्रमांक (यूआयएन), टाइप सर्टिफिकेट (ते मॉडेल तपासून मान्य केल्याचा दाखला), थर्ड पार्टी विमा आणि पायलटचं रिमोट पायलट प्रमाणपत्र. प्रमाणपत्रासाठी वय 18 ते 65, दहावी पास आणि डीजीसीए (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) मान्य संस्थेतलं प्रशिक्षण लागतं; ते 10 वर्षं चालतं. 10 लिटर टाकीचे शेतीचे ड्रोन भरलेल्या टाकीसह बहुधा 25 किलोच्या आत, म्हणजे 'स्मॉल' वर्गात बसतात.

आता आकाश. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर जागा तपासा. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरपर्यंत यलो झोन. तिथे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा, त्यामुळे खराडी-मुंढव्याकडच्या नदीसाठी ही पायरी चुकत नाही. खडकवासल्याकडे एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) आहे, तिथे नकाशा दोनदा बघा. रेड झोन असेल तर केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही.

फवारणीच्या किमान 24 तास आधी स्थानिक कार्यालयाला आणि काठावरच्या लोकांना कळवा. मासेमारी करणारे, म्हशी धुणारे यांना आवर्जून.

आणि अर्जातच लिहा, मेलेली जलपर्णी कोण, किती दिवसांत बाहेर काढणार. ती तिथेच कुजली तर पाण्यातला ऑक्सिजन घटतो आणि मासे मरतात. थोडकी असेल तर मी सरळ माणसं लावून उपटायला सांगेन.